रोहिणीची भिंत व रक्ताचा दाब

(महोत्सवानिमित्त पळसदरी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सवाच्या ह्या दिवसांत आपण गायने ऐकली, वडीलधाऱ्यांच्या तोंडून जुन्या काळच्या आठवणी ऐकल्या, मुलांची नाटुकली पाहिली. आणि आता जेवणास थोडाच अवधी उरला असता आम्ही आपणापुढे रक्तवाहिन्यांची गोष्ट घेऊन उभे आहोत. विषय रुक्ष खरा. परंतु चालकांनी आम्हांस "काही उपयोगाचे सांगा" अशी आज्ञा केली, आणि कोणत्या दुखण्याच्या गोळ्या घरोघरी सापडतात व घरोघरी अर्ध्यावर टाकल्या जातात ह्याचा विचार करता आम्हांस दुसरा विषय सुचेना.

प्रथम एका शब्दाविषयी. "मला बीपी आहे" असे म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात पडला आहे. वस्तुतः बीपी म्हणजे रक्ताचा दाब, आणि तो सर्वांनाच आहे; ज्यास तो नाही त्यास आपण दफनभूमीत पोहोचवून आलेलो असतो. दुखणे आहे ते दाब वाढून तसाच राहण्याचे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दर शंभर प्रौढ माणसांमागे सुमारे पस्तीस जणांचा दाब वाढलेला आढळला. इतक्या माणसांस ताप असता, तर देशभर हाहाकार झाला असता. परंतु ह्या दुखण्यात बहुधा काहीच दुखत नाही. "डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, घाटाची वाट चढता येते, मग गोळी कशास?" असे विचारणारे प्रत्येक वस्तीत भेटतात, आणि त्यांचा प्रश्न मूर्खपणाचा आहे असे आम्हांस वाटत नाही. वाढलेला दाब कळत का नाही ह्याचे एक मोठे कारण असे की, रक्तवाहिनीची भिंत तो भार मुकाट्याने आपल्या अंगावर घेते. ती तो कसा घेते, व घेताना काय गमावते, एवढेच आज सांगावयाचे आहे.

हृदयापासून शुद्ध रक्त अंगभर नेणाऱ्या वाहिनीस शाळेच्या पुस्तकांत रोहिणी म्हणतात. वर्तमानपत्रांत धमनी म्हणतात. आम्ही रोहिणी म्हणू, आणि हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रोहिणीस महारोहिणी म्हणू.

आता क्षणभर रक्त बाजूस ठेवून पाण्याकडे वळू. पळसदरीहून शाखेची गाडी केळवली, डोलवली, लौजी मागे टाकून खोपोलीस पोहोचते, तेथे डोंगरावरून उतरत आलेले टाटांच्या वीजघराचे नळ आपण सर्वांनी पाहिले आहेत. लोणावळ्याकडील तलावांचे पाणी १९१५ सालापासून ह्या उतारावरून खाली येऊन यंत्रे फिरवीत आले आहे. उतार सुमारे १७०० फुटांचा. एवढ्या उंचीचे पाणी पायथ्याशी दर चौरस सेंटिमीटरवर पन्नास किलोंहून अधिक भार घालते. डोंगरमाथ्याशी मात्र त्याच पाण्याचा भार थोडका असतो. म्हणून असा नळ बांधताना वरच्या टोकास पातळ पत्रा घालतात आणि खाली उतरावे तसतसा जाड घालतात. सर्वत्र जाड घातला तर पोलाद व्यर्थ जाईल. सर्वत्र पातळ घातला तर खालचे टोक उभे चिरेल.

उभे चिरेल, हे ध्यानात घ्यावे. आतील दाब नळाच्या भिंतीस नुसता बाहेर ढकलीत नाही. तो तिला घेराच्या दिशेने ताणतो, जसा पिंपाभोवतीचा लोखंडी पट्टा ताणला जातो. ह्या ताणण्यास आम्ही 'ओढ' म्हणू. 'ताण' म्हटले की लोकांस मनाचा ताण आठवतो, आणि तो निराळा विषय आहे. ओढीचा नियम सोपा आहे. दाबास नळाच्या त्रिज्येने गुणावे आणि भिंतीच्या जाडीने भागावे. दाब दुप्पट झाला व नळाची रुंदी तीच राहिली, तर ओढ पूर्वीइतकीच ठेवण्यास जाडी दुप्पट केली पाहिजे. डॉक्टर लोक हा नियम फ्रेंच गणिती लाप्लास ह्यांच्या नावाने ओळखतात. आपल्या तलावाचे पाणी ज्या वाफेच्या इंजिनांत जात असे, त्यांचे बॉयलर बांधणारे कारागीरही हाच हिशेब करीत.

रक्ताचा दाब प्रथम मोजला तोही असाच, उभ्या नळीतील उंचीने. इंग्लंडातील टेडिंग्टन गावचे धर्मोपदेशक स्टीफन हेल्स ह्यांनी घोडीच्या रोहिणीस काचेची लांब नळी जोडली तेव्हा रक्त आठ फुटांहून अधिक उंच चढले; हे त्यांनी १७३३ साली छापून प्रसिद्ध केले. माणसाच्या दाबाचे १२० हे अंक पाऱ्याच्या मिलिमीटरांचे आहेत. पाण्याच्या भाषेत सांगावयाचे तर ती सुमारे सव्वापाच फुटांची उंची, म्हणजे जवळजवळ उभ्या माणसाएवढी. दाब १८० झाला की तो स्तंभ आठ फुटांवर जातो. खोपोलीच्या मानाने हे काहीच नव्हे. परंतु खोपोलीचा नळ पोलादाचा आहे, आणि तो दिवसास एक लक्ष वेळा फुगून ओसरत नाही.

रोहिणीची भिंत कशाची केलेली आहे? मुख्यतः तीन वस्तूंची. एक, इलॅस्टिन नावाचे रबरासारखे द्रव्य; दुसरे, कोलॅजेन नावाचे, काथ्याच्या दोरासारखे चिवट व न ताणणारे; आणि तिसरे, ह्या दोहोंमध्ये वेढून बसलेल्या स्नायूंच्या पेशी. दाब बेताचा असतो तेव्हा कोलॅजेनचे दोर सैल, नागमोडी पडलेले असतात व भार रबर वाहते. दाब चढला की दोर एकेक करून ताठ होतात आणि भिंत एकाएकी कठीण लागते. हे १९५७ साली कॅनडात मार्गोट रोच व ॲलन बर्टन ह्यांनी चतुराईने दाखविले. त्यांनी रोहिणीच्या काही तुकड्यांतील इलॅस्टिन पाचक रसाने काढून टाकले, दुसऱ्या तुकड्यांतील कोलॅजेन आम्लाने, आणि उरलेली भिंत ताणून पाहिली. एक सुरुवातीपासूनच ताठ निघाली, दुसरी मात्र रबरासारखी सैल ताणत गेली. ईश्वराने हे दोन निरनिराळे गुण एकाच भिंतीत किती कुशलतेने विणले आहेत!

महारोहिणीत हे इलॅस्टिन एकावर एक पापुद्र्यांनी रचलेले असते. शिकागोचे वोलिन्स्की व ग्लागोव्ह ह्यांनी १९६७ साली लहानमोठ्या अनेक प्राण्यांचे असे पापुद्रे मोजले. उंदराच्या महारोहिणीत ते पाचच्या आसपास, माणसाच्या छातीतील महारोहिणीत पन्नासाच्या वर. प्राणी जितका मोठा तितकी नळी रुंद व एकंदर ओढ अधिक. परंतु ती पापुद्र्यांच्या संख्येने भागली, तर प्रत्येक पापुद्र्याच्या वाट्यास येणारा भार उंदरापासून मोठ्या जनावरांपर्यंत जवळजवळ सारखाच निघाला. आम्हांस ही गोष्ट फार मोठी वाटते. भिंतीस जणू ठाऊक आहे की आपल्या एका पदरावर किती भार असावा, आणि ती तेवढाच ठेवू पाहते.

हे जन्मतःच ठरलेले असते की पुढेही चालू राहते? पुढेही चालू राहते. ह्याचे साक्षी आपण सर्वजण आहोत. मूल आईच्या उदरात असता त्याची फुप्फुसे मिटलेली असतात, तेव्हा फुप्फुसाकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिणीत व महारोहिणीत दाब जवळजवळ सारखा असतो, आणि दोहींच्या भिंतीही सारख्याच जाड असतात. मूल जन्मते, पहिला श्वास घेते, फुप्फुसे उघडतात आणि तिकडचा दाब उतरतो. पुढे त्या रोहिणीची भिंत महारोहिणीच्या मानाने पातळ राहते. भार गेला, भिंत त्यास अनुसरली.

उलट बाजूचे उदाहरण शस्त्रक्रियेत पाहावयास मिळते. हृदयाची रोहिणी तुंबली असता पायातील शीर काढून तेथे जोडतात, ज्यास आपण बायपास म्हणतो. पायातील शिरेस अल्प दाबाची सवय. हृदयाशी जोडताच तिच्यावर रोहिणीचा पूर्ण दाब पडतो. काही आठवड्यांत व महिन्यांत तिची भिंत जाड होते. तिला कोणी शिकविले नाही, ओढीनेच शिकविले.

आणि कोणी म्हणेल की जाडी रक्तातील एखाद्या द्रव्यामुळे येत असेल, दाबामुळे कशावरून? काही बालकांच्या महारोहिणीस जन्मतःच छातीत एके ठिकाणी आवळ पडलेला असतो. आवळाच्या वरच्या भागात, म्हणजे डोके व हात ह्यांकडे, दाब चढलेला. खाली पायांकडे उतरलेला. रक्त तेच, शरीर तेच. पण वरच्या रोहिण्यांच्या भिंती जाड होतात, खालच्या होत नाहीत. मग बोट दाबाकडेच दाखवावे लागते. रक्तातील द्रव्ये ह्या कामास जोर देतात हे खरे, परंतु आरंभ भिंतीवरच्या ओढीने होतो.

ही मोजदाद करणारा कारकून म्हणजे भिंतीतील स्नायूची पेशी होय. ती आपल्या भोवतालच्या तंतूंस जणू हातांनी धरून बसलेली असते. तंतू अधिक ताणले गेले की तिलाही ओढ कळते. ती वाढते, नवे कोलॅजेन विणते, पदर घट्ट करते. आतल्या अंगास एक नाजूक अस्तर असते. ते दाब नव्हे तर वाहत्या रक्ताचे घर्षण ओळखते, आणि नळी किती रुंद असावी ह्याचा निवाडा मुख्यतः ते करते. एक रुंदी पाहतो, दुसरा जाडी. उंदरांवरील प्रयोगांत दाब चढल्यावर भिंतीतील फेरफार काही दिवसांतच दिसू लागतात.

येथवर ऐकून कोणासही वाटेल की मग बरेच झाले! भार वाढला, भिंत जाड झाली, ओढ पूर्ववत् झाली. तक्रार ती कोठे राहिली? खोपोलीचा नळ खाली जाड आहे म्हणून आपण त्यास रोगी म्हणत नाही.

तक्रार अशी की, रोहिणी हा नुसता नळ नव्हे. हृदय रक्त सलग सोडीत नाही, घोटाघोटाने सोडते. तरुण माणसाची महारोहिणी प्रत्येक ठोक्यास फुगते, काही रक्त आपल्या पोटात ठेवून घेते आणि हृदय विसावा घेत असता ते पुढे ढकलते. म्हणूनच दोन ठोक्यांच्या मधल्या वेळीही मेंदूस व मूत्रपिंडांस रक्त मिळत राहते. जाड झालेल्या, कोलॅजेनने भरलेल्या भिंतीस हे काम पूर्वीसारखे साधत नाही. शिवाय इलॅस्टिनची गोष्ट फार नाजूक आहे. ते मुख्यतः जन्माच्या आगेमागे व बालपणी विणले जाते. पुढे आयुष्यभर तेच पुरवावयाचे असते. लक्षावधी ठोक्यांनी, विशेषतः चढत्या दाबाखाली, त्याचे पापुद्रे तुटतात. आणि त्यांच्या जागी पेशी जे भरते ते कोलॅजेन. रबराच्या जागी दोर. भार सांभाळला जातो, पण लवचिकपणा जातो.

भिंत ताठ झाली की नाडीची लाट वेगाने धावू लागते. तरुण निरोगी माणसाच्या महारोहिणीत ती सेकंदास पाचसहा मीटर जाते. ताठ झालेल्यात दहा मीटर व त्याहूनही अधिक. ती टोकास आपटून लवकर परतते, आणि हृदय अजून रक्त बाहेर लोटीत असताच तिचा उलटा जोर त्याच्यावर येतो. हृदयास प्रत्येक ठोक्यास अधिक कष्ट. मग तेही, त्याच ओढीच्या नियमाने, आपली भिंत जाड करू लागते. दुसरीकडे मेंदू व मूत्रपिंड ह्यांतील सूक्ष्म वाहिन्यांस पूर्वी महारोहिणी धक्का शोषून शांत प्रवाह देत असे. आता तो धक्का थेट त्यांच्यापर्यंत पोहोचतो. अर्धांगाचा झटका "एकाएकी" आला असे आपण म्हणतो. भिंतीच्या हिशेबाने पाहता तो क्वचितच एकाएकी येतो.

लहान रोहिण्यांची तऱ्हा आणखी वेगळी, आणि आमच्या मते सर्वांत विचार करण्याजोगी. ह्या बारीक वाहिन्या ओढ कमी करण्यास जाडी वाढविण्याबरोबर आपली पोकळीही आवळतात, म्हणजे आहे त्याच सामग्रीची भिंत लहान घेराभोवती रचतात. त्रिज्या कमी झाली, जाडी वाढली, ओढ उतरली, हिशेब चोख. पण पोकळी आक्रसल्याने रक्तास अडथळा किती होतो पाहा. नळी अरुंद होते त्या मानाने अडथळा चौथ्या घाताने वाढतो. त्रिज्या शेकडा दहा कमी झाली तर अडथळा दीडपट होतो. अडथळा वाढला की तेच रक्त पुढे नेण्यास हृदयास दाब आणखी वाढवावा लागतो. दाब वाढला की भिंत आणखी आवळते. स्वीडनचे ब्योर्न फोल्को ह्यांनी १९५८ च्या सुमारास माणसांच्या हातातील वाहिन्या पूर्णपणे सैल पडू दिल्या असताही, वाढत्या दाबाच्या रोग्यांत अडथळा अधिकच राहतो असे दाखविले. म्हणजे तो नुसता स्नायूंचा आकस नव्हता. भिंतीची बांधणीच बदललेली होती. ज्या उपायाने भिंत स्वतःस वाचविते, तोच दाब कायम करतो.

म्हणून "काही होत नाही" हे उत्तर आम्हांस पटत नाही. काही होत नाही असे वाटते तेव्हाच भिंत बदलत असते.

गोळी काय करते हे आता सहज समजेल. ती भिंतीस काही शिकवीत नाही. ती भार उतरविते. भार उतरला की पेशीच्या हातातील ओढ सैल होते, आणि महिने, वर्षे गेली की लहान रोहिण्यांची जाडी व आकस काही अंशी ओसरतो. सर्व औषधे ह्या कामी सारखी नाहीत. कोणते कोणास द्यावे ते डॉक्टरांनी ठरवावे. जाड झालेले हृदयही बरेच खाली येते. तुटलेले इलॅस्टिन मात्र पुन्हा पूर्वीसारखे विणले जात नाही. म्हणून लवकर आरंभ केलेल्यास जितके परत मिळते तितके उशिरा आलेल्यास मिळत नाही. आणि दाब मोजला, बरा निघाला, म्हणून गोळी थांबविली, तर भार पुन्हा पडतो व पेशी आपल्या जुन्या कामास लागते. दाब बरा निघाला तो गोळीमुळेच निघाला होता.

ह्या औषधांच्या इतिहासात आपल्या मुंबईचे नाव आदराने घेतले जाते. डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनी सर्पगंधेच्या मुळीचा गुण ५० रोग्यांवर तपासून १९४९ साली इंग्लंडच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला, आणि पाश्चात्त्य वैद्यांचे लक्ष ह्या भारतीय वनस्पतीकडे वेधले. त्यापूर्वी १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस ह्यांनी तिच्याविषयी लिहिले होते. १९५२ साली स्वित्झर्लंडात तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले, आणि १९५७ साली डॉ. वकील ह्यांस अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले. सर्पगंधा आपल्या सह्याद्रीच्या रानांतही उगवते, म्हणून एक सूचना येथे करणे अवश्य आहे. बाजारात किंवा रानातून कोणी मुळी आणून दिली तर ती उगाळून घेऊ नये. मुळीत द्रव्य किती हे डोळ्यांनी कळत नाही, आणि रेसर्पिनने काही रोग्यांस घोर खिन्नता येते असे आढळल्यामुळे पुढे सौम्य औषधे निघाल्यावर त्याचा वापर फार कमी झाला.

मिठाविषयी थोडेच बोलतो, कारण पुढ्यात जेवण आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसास दिवसाकाठी ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगते, म्हणजे एक लहान चमचा, आणि त्यात सुकट, सुके बोंबील, लोणचे, पापड सर्व आले. सणाच्या दिवशी एक बोंबील खाल्ल्याने कोणाची रोहिणी जाड होत नाही. वर्षभर रोज दोन्ही वेळा खाल्ल्याची गोष्ट निराळी.

व्हरांड्यात टेबल मांडून सिस्टर दाब मोजण्यास बसणार आहेत. वयाची तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, काही दुखत नसले तरी, जेवणाआधीच तेथे जावे. अर्धा तास आधीपासून चहा, तंबाखू वर्ज्य करावी. पाच मिनिटे पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून, न बोलता बसावे. हात टेबलावर छातीच्या उंचीस ठेवावा. तो खाली लोंबत राहिला तर हृदयापासून हातापर्यंतच्या रक्ताच्या स्तंभाचा भार मोजणीत मिळतो, आणि दर दहा सेंटिमीटरला सातआठ अंक उगाच वाढतात, खोपोलीच्या नळाप्रमाणेच. अंक अधिक निघाले तर घाबरून जाऊ नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे, आणि तरीही अधिक असतील तर कागदावर लिहून घेऊन डॉक्टरांकडे जावे. गोळ्या चालू असलेल्यांनी आपली पाकिटे बरोबर आणावीत.